तानुबाईच्या खोलीचं भाडं

जळगाव, ४ एप्रिल १९८९

सौ. लताबाई यांना नमस्कार.

तुमची माझी ओळख नाही. मी कुंदाबाई. माझे मालक सुकदेव इथल्या एका डाळमिलमध्ये काट्यावर असतात. तुमची आई तानुबाई ज्या खोलीत राहायच्या आणि ज्या खोलीत गेल्या, त्या खोलीत दिवाळीपासून आम्ही राहतो. तुमचा पत्ता शेजारच्या भिकुबाईंनी सांगितला. धुळ्याला देवपुरात तुमच्या मालकांचं, हिलालचं, सायकलचं दुकान विचारलं की कोणीही दाखवेल म्हणाल्या, म्हणून तसाच लिहिला आहे. पोचेल तर पोचेल.

आधी खोली कशी मिळाली ते सांगते, म्हणजे मी कोण बाई आहे ते तुम्हाला कळेल. ह्यांचा पगार साडेसहाशे. जळगावात जिथं जिथं विचारलं तिथं तीनशेच्या खाली कोणी बोलायला तयार नाही, वर डिपॉझिट वेगळं. अर्धा पगार चार भिंतींना दिला तर त्या चार भिंतींच्या आत आम्ही खायचं काय? सासूबाईंना जामनेरकडे गावातच ठेवून आले, कारण इथं त्यांचं अंथरूण कुठं घालायचं हाच प्रश्न. मग लीलाधर शेठची ही खोली कळली. भाडं नव्वद. मी ह्यांना म्हटलं, शेठचं डोकं ठिकाणावर यायच्या आत पेटी आणून टाका.

भाडं एवढं कमी का, ते भिकुबाईंकडून कळलं आम्ही राहायला आल्यावर. मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. त्या म्हणाल्या, "तुले माहीत नही का? म्हनीसन तं भाडं कमी शे. ती येस ना, बहीन. भर दुपारले पाटा वाजस."

मी हसले. थंडीचे दिवस होते तेव्हा, हसायला काय जातं. पण होळी झाली, ऊन तापायला लागलं, आणि आता मी रोज ऐकते आहे. दुपारी गल्लीत कुत्रं दिसत नाही, सगळ्यांची दारं लावलेली असतात, पोर झोपलेली असते, आणि खर्र, थोडं थांबून पुन्हा खर्र. कोणी सावकाश मिरची वाटत असल्यासारखं. तुमची आई पाट्यावर बसलेलीच गेली, हात वरवंट्यावर होता, असं इथं सगळे सांगतात.

मी भित्री नाही. पण लेकीला विचारल्याशिवाय मांत्रिकाला बोलावणं मला बरं वाटत नाही. तुमच्या आईची काही इच्छा राहिली होती का? काही खायची, कुठं जायची? मला जमण्यासारखं असेल तर मी करीन. दोन ओळी लिहा.

कुंदाबाई


जळगाव, २ जून १९८९

लताबाई,

तुमचं उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तुम्ही ते वाचलं आहे. तेवढं मला पुरे.

भूत सापडलं. आनंदाची बातमी म्हणून लिहिते आहे. मागच्या रविवारी ह्यांना सुट्टी होती आणि त्यांच्या कानावरही तो आवाज पडला. माणूस तडक शिडी लावून वर चढला. खोलीवर पत्रे आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. वावटळीत उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक मोठा दगड ठेवलेला. ऊन चढलं की पत्रा तापून सरकतो आणि त्या दगडाखाली घासतो. ह्यांनी दगड उचलला, आवाज बंद. मी खालून टाळ्या वाजवल्या.

दगड खाली आणला तेव्हा भिकुबाईंनी तोंडावर पदर धरला. "ओ माय, हाऊ तं तिनाच पाटा शे!" तुमच्या आईनंतर त्या पाट्यावर वाटायला कोणी धजेना, फेकून द्यायलाही कोणी धजेना, तेव्हा चाळीतल्या बाप्यांनी तो पत्र्यावर नेऊन ठेवला होता. म्हणजे लोक खरंच बोलत होते, पाटा तानुबाईंचाच वाजत होता. आम्ही दोघी खूप हसलो. मग भिकुबाई एकदम रडायला लागल्या.

इथवर सगळं चांगलं झालं. पुढचं ऐकून रागावू नका.

भूत सापडल्याची बातमी शेठच्या पेढीवर आमच्या आधी पोचली. चौथ्या दिवशी शेठ स्वतः आले. पान खाऊन, छत्री घेऊन. खोली चहूकडून पाहिली आणि म्हणाले, "कुंदाबाई, आता लोक विचारायला लागले बरं का. तीनशे देणारे तीन जण तयार आहेत." मी चहा ठेवत होते. मला माझ्या पोरीचं दूध दिसलं, गावी पाठवायचे पैसे दिसले, आणि तोंडातून निघून गेलं, "शेठ, दगड काढला तरी आवाज येतोच की हो."

शेठनी चहा घेतला नाही.

मी ह्यांना पाटा पुन्हा वर चढवायला लावला. ते चिडले, पण चढवला. आता भर दुपारी पुन्हा पाटा वाजतो आणि भाडं नव्वदच आहे. मी तुमच्या आईला विचारूनच केलं. रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हटलं, तानुबाई, तुम्ही इथं दोन वेळची भाकर कशी भागवत होतात ते तुम्हालाच माहीत, आता माझीही भागवा. तुम्हालाही सांगून ठेवते आहे, कारण नाव तुमच्या आईचं आहे.

कुंदाबाई


जळगाव, १८ मार्च १९९०

लताअक्का,

वयानं तुम्ही मोठ्या, आणि मी आता तुमच्या आईजवळ राहते, म्हणून अक्का लिहिलं. पटलं नाही तर खोडून वाचा.

वर्षभरात ह्या भागातली भाडी कुठल्या कुठं गेली. समोरच्या ओळीतल्या मास्तरांना शेठनी साडेतीनशे सांगितले, ते बिचारे मुक्ताईनगरला बदली मागून गेले. बदलीसाठी लोक मंत्र्यांकडे जातात, ह्यांनी भाड्यासाठी बदली घेतली. आमच्या दाराशी मात्र कोणी ठरत नाही. शेठ अधूनमधून माणसं पाठवतात खोली बघायला, मी त्यांना पाणी देते आणि तानुबाईंची ओळख करून देते. सांगून सांगून मला सराव झाला आहे. आधी नुसता आवाज होता. मग मी तिला पांढरं लुगडं नेसवलं. मग मोकळे केस.

परवाची गंमत लिहिते. दोन म्हातारे आले. धोतर, टोपी, पायात नव्या वहाणा, खेड्यावरचे दिसत होते. म्हणाले, तानुबाई इथंच राहायच्या ना? लोक काही काही बोलतात ते खरं का? मला वाटलं, शेठ आता खेड्यांतूनही भाडेकरू आणायला लागले. मी काही कमी ठेवली नाही. म्हटलं, बाबा, मी डोळ्यांनी पाहते. भर दुपारी तिथं, त्या कोपऱ्यात बसते. मिरची वाटते आणि तशाच हातानं डोळे पुसते. जो कोणी तिच्या घरातलं खाईल त्याला सोडत नाही.

हे शेवटचं मी ठरवून बोलले नव्हते. बोलता बोलता आलं. माझ्याच अंगावर काटा उभा राहिला, कारण त्या कोपऱ्यात मला कोणीतरी बसल्यासारखं वाटलं आणि तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हातारे पाणीही न पिता उठले. त्यातला एक जण उंबरा ओलांडताना कानाला हात लावून गेला. ते गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मी तोंडात पदर कोंबून हसत होते.

पण अक्का, एक खटकतं. आता गल्लीतली पोरं आमच्या खिडकीवर दगड मारतात आणि "हडळ, हडळ" ओरडतात. तुमच्या आईला कोणी भूत म्हणत होतं तोवर मला काही वाटत नव्हतं. हडळ ऐकलं तेव्हा मी पोरांमागे झाडू घेऊन धावले. माझी पोर तिला पाट्याची आजी म्हणते. ती विचारत होती, आजी वाईट होती का? मी नाही म्हटलं. मग लोक का म्हणतात, म्हणाली. मी तिला गप्प बसवलं.

तुमची कुंदा


जळगाव, २ एप्रिल १९९०

लताअक्का,

तुमचं कार्ड मिळालं. इतकी पत्रं लिहिली तेव्हा एक आलं, आणि त्यात दोनच वाक्यं. "ते पाहुणे माझ्या मुलीची सोयरीक करायला धरणगावहून चौकशीला आले होते. आता मला पत्र लिहू नका."

मी ते हातात धरून दारातच बसले. चूल विझली ते मला कळलं नाही.

अक्का, आपल्याकडे मुलगी बघायची तर तिच्या आईचं माहेर बघतात, आजी कशी होती ते विचारतात. मला हे ठाऊक नाही का? माझ्या स्वतःच्या लग्नात माझ्या आजीची चौकशी तीन गावांत झाली होती. नव्या वहाणा घालून, चुलीकडे न बघता उंबऱ्याजवळच बसलेले दोन म्हातारे सोयरिकीवर निघाले आहेत, हे कुठल्याही बाईला ओळखू यायला हवं होतं. पण मला दारात आलेला प्रत्येक माणूस भाडेकरूच दिसायला लागला होता. भाड्यानं माझे डोळे खाल्ले, दुसरं काय म्हणू.

मी भिकुबाईंकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. "तू बोलनी, तूच निस्तर," एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, मी रडत होते ते बघून, त्यांनी मला तुमची गोष्ट सांगितली. शेठनी भाडं वाढवलं तेव्हा तानुबाई अक्षय्यतृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या आधी धुळ्याला तुमच्याकडे राहायला आल्या होत्या, आणि संध्याकाळच्या एस्टीनं परत आल्या. भिकुबाईंना म्हणाल्या, लेकीच्या घरात पाय पसरायला जागा नाही, सासू-सासरे, पोरं, सगळी एका खोलीत, मी कुठं पडू? आणि त्यांनी वाढलेलं भाडं दिलं, एक वेळ जेवून दिलं. त्या गेल्या तेव्हा तुम्ही आलात आणि भिकुबाई चारचौघांत तुम्हाला नको ते बोलल्या. म्हणून तुम्ही पुन्हा इकडे फिरकला नाहीत.

भिकुबाईंना आता त्याचं वाईट वाटतं. त्यांना ते म्हणता येत नाही, म्हणून मी लिहिते आहे. आणि मी तुम्हाला काय बोलणार? माझी सासू गावात एकटी आहे. मी तिला इथं आणत नाही, कारण जागा नाही. तुमचं आणि माझं तेच आहे.

पत्र लिहू नका म्हणालात, तरी लिहिलं. हे वाचून फाडून टाका. मी धरणगावला जाते आहे.

कुंदा


जळगाव, १९ एप्रिल १९९०

लताअक्का,

धरणगावला जाऊन आले. भिकुबाईच म्हणाल्या, "चाल, मी येस तुनासंगे." आम्ही दोघी एस्टीनं गेलो. ज्यांच्या मुलासाठी ते आले होते त्या तोताराम आबांचं घर कापसाच्या व्यापाऱ्यांच्या आळीत आहे, शोधावं लागलं नाही. कानाला हात लावून गेले होते तेच आबा ओट्यावर बसले होते.

मी सगळं सांगितलं. पत्रा, दगड, शेठ, माझी जीभ. म्हटलं, आबा, तानुबाई उपाशी राहून भाडं देणारी बाई होती, तिच्यात भिण्यासारखं काही नव्हतं. आबांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. पण म्हणाले, "बाई, त्या दिवशी तू डोयाघाई देखं म्हने. आज नही म्हनस. मी कोनतं खरं मानू? भूत नही शे तं शेठ भाडं कमी कसाले लेस?"

येताना एस्टीत मला तेच ऐकू येत होतं. जळगावात शपथेला कोण विचारतं? खोली चांगली की वाईट ते भाडं सांगतं, आणि आमचं भाडं ओरडून सांगत होतं की इथं हडळ आहे.

दुसऱ्या दिवशी मी शेठच्या पेढीवर गेले. म्हटलं, शेठ, आमच्या खोलीचं भाडं वाढवा.

शेठनी चष्मा काढला. "कुंदाबाई, ऊन लागलं का तुम्हाला?"

मी म्हटलं, लागलं. तुम्ही समोरच्या ओळीत घेता तेवढं घ्या. पण दुपारी येऊन आधी उभे राहा आणि चार माणसांना सांगा की खोलीत काही नाही. शेठ आले. ह्यांनी सगळ्या चाळीसमोर पाटा पत्र्यावरून उतरवला. भर दुपारची वेळ, माणसं घामानं निथळत उभी होती, कोणी हलेना. आवाज आला नाही. शेठ मोठ्यानं म्हणाले, "साडेतीनशे. एक पैसा कमी नाही." एवढा गोड आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलला जाताना हे म्हणाले, "एवढी हिंमत होती तर मालकाला माझा पगार वाढवायला सांगायचं होतं." मी हसले, तेही हसले. मग त्यांचा चेहरा बघवेना.

तोताराम आबा कापूस घेऊन जळगावला आले तेव्हा शेठच्या पेढीवर थांबले आणि भाडं विचारून गेले. त्यांच्या मुलाचं तोवर दुसरीकडे ठरलं होतं, ते मी मोडू शकले नाही. पण आता चार ठिकाणी तेच सांगतात की तानुबाईच्या खोलीत काही नव्हतं, आता तिचं साडेतीनशे येतं. तुमच्या मुलीच्या वाटेतलं एवढंच मला उचलता आलं.

कुंदा


जळगाव, ५ मे १९९१

लताअक्का,

वर्षभर लिहिलं नाही. तुम्ही सांगितलं होतं ते पाळलं, आणि लिहिण्यासारखं माझ्याकडे होतं तरी काय.

मुलीचं जमलं, शिरपूरला दिली, हे भिकुबाईंकडून कळलं. मी आणि त्या, आम्ही दोघींनी त्या दिवशी सांजोऱ्या केल्या. तुम्हाला कळू नये म्हणून गपचूप खाल्ल्या.

आम्ही ती खोली सोडली. साडेतीनशे आम्ही दिवाळीपर्यंत ओढले. माझी गळ्यातली पोत विकली गेली, ह्यांनी रात्रपाळी धरली, मग जमेना. आता तिथं बँकेतले एक साहेब राहतात, त्यांच्या बायकोनं खिडक्यांना निळा रंग दिला आहे. आम्ही रेल्वे लायनीच्या पलीकडे आहोत. इथंही दोनशे द्यावे लागतात, आणि पाणी आणायला लायन ओलांडावी लागते. खोली तुमच्या आईच्या खोलीच्या अर्धी. ह्यांना मिलला जायला दुप्पट चालावं लागतं. तक्रार म्हणून लिहीत नाही. मला ह्या सगळ्याचं दुःख होतं, नाही कसं म्हणू, पण पश्चात्ताप होत नाही.

तुमच्या आईचा पाटा मी इकडे आणला. शेठ म्हणाले, राहू द्या, पायरीला लावतो. मी दिला नाही. हातगाडीवर सगळ्यात आधी तो चढवला. भिकुबाई सांगत होत्या, तुमच्या पाचवीला ह्याच पाट्याची पूजा केली होती. तुमची वस्तू आहे. मी त्याच्यावर अजून काही वाटलेलं नाही, चुलीच्या बाजूला भिंतीशी उभा करून ठेवला आहे.

आता आखाजी येते आहे. मागच्या आखाजीला त्या खोलीच्या उंबऱ्यावर मी आमच्या पितरांची कुंकवाची बोटं उमटवली, एकेकाचं नाव घेऊन. घागर भरली, वर डांगर ठेवलं, गोड पिकलेलं खरबूज. सगळ्यांची नावं झाल्यावर शेवटी आणखी एक बोट उमटवलं आणि म्हटलं, तानुबाई, या. पण अक्का, मी त्यांची कोण? ज्याचं माणूस त्यानं हाक मारायची असते. परक्या बाईच्या हाकेनं कोण पाणी प्यायला येतं.

आखाजीला लेकी माहेरी जातात. तुम्हाला माहेर उरलेलं नाही, म्हणून तुम्ही त्या दिवशी दुकानातच बसता, हे भिकुबाईंच्या पुतण्यानं पाहिलं आहे. इकडे या. झोका बांधायला झाड नाही, बसायलाही धड जागा नाही. पण उंबरा आहे. त्याच्यावर बोट तुम्ही उमटवा, आईचं नाव तुम्ही घ्या, आणि पाटा घेऊन जा.

एक सांगायचं राहिलं. ह्या खोलीवर पत्रे नाहीत, कौलं आहेत. वर दगड नाही, मी शिडी लावून स्वतः पाहिलं. पाटा भिंतीशी उभा आहे, वरवंटा फडताळात. पोर झोपलेली असते, गल्लीत कोणी नसतं, आणि भर दुपारी तो वाजतो. सावकाश, थोडं थांबून. पहिल्या दिवशी मी घाबरले. आता मी त्या वेळी काम थांबवून तिथं शेजारी बसते.

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. भिकुबाईंना नाही. इथला मालक परवा आला होता, पावसाळ्यानंतर भाडं वाढवीन म्हणाला, आणि तो बोलत असतानाच पाटा वाजत होता, त्याच्या कानावर तो पडत नव्हता. एक शब्द बोलले असते तर तो हात जोडून परत गेला असता. मी त्याला म्हटलं, बरं, वाढवा.

तुम्हालाच सांगते आहे, कारण तुम्ही लेक आहात. या.

कुंदा